लिंबाला टांगलेला काटा

फार मागे, झाडं माणसांसारखी बोलायची तेव्हा, एका गावाबाहेर लिंबाच्या फांदीला वजनाचा काटा टांगलेला होता. खाली खड्डा आणि गांडूळ भांडत होते. गावचा ओला कचरा कुणाकडे जावा, हे काट्यानं ठरवायचं होतं.

"महिन्यानं ज्याच्याकडे कमी उरेल, त्याच्याकडे," काटा म्हणाला.

दोघांना दहा-दहा टोपल्या मिळाल्या. खड्ड्यानं सगळं गिळून वर माती ओढून घेतली. गांडुळाचा ढीग उघड्यावर. सकाळी त्यातून वाफ निघायची. महिना सरला तेव्हा खड्ड्यावर तोलायला काहीच नव्हतं. गांडुळाकडे चार टोपल्या खत उरलं होतं.

"वाफ सोडूनही एवढा ढीग उरला!" खड्डा हसला. काट्यानं गावचा कचरा खड्ड्याला दिला.

दोन वर्षांत लिंबाची पानं पिवळी पडली.

"लिंबबाबा, पाणी कमी पडतंय का?" काट्यानं विचारलं.

"पाणी आहे रे. खड्ड्यात कोंडलेलं कुजतंय, त्याच्या वायूनं मुळं गुदमरतात. उरलेला वायू आभाळात जातो आणि ऊन आणखी पोळतं."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुझ्या पारड्यात वायू बसत नाही, बाळा."

"बसत नाही म्हणून मी तो शून्य धरला," काटा पुटपुटला. "उद्यापासून टोपल्या गांडुळाकडे."

तेवढ्यात काटा जिला टांगला होता, ती वाळलेली फांदी करकरली. जगाला तोलणारा काटा जीव मुठीत धरून पहिल्यांदाच स्वतःचं वजन करू लागला.