ढग राहूनच गेले

विमानं आपसात बोलायची, त्या काळातली गोष्ट. एका गवताळ धावपट्टीवर टिटवी नावाचं दोन माणसांचं छोटं विमान राहायचं. शेजारी निवृत्त जेटआजोबा उभे असत. ते स्वतः कित्येक वर्षांत जागचे हलले नव्हते, पण कोणी कसं उडायचं हे तेच ठरवत.

"आज ढगांच्या वर गेली नाहीस, तर उद्यापासून शेडमध्ये," त्यांनी बजावलं.

टिटवी निघाली. वाटेत गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायकांनी हात हलवले. कोणी हात केला की पंख हलवून उत्तर द्यायचं, ही छोट्या विमानांची रीत. मग ओढ्यात म्हशी धुणाऱ्यांनी हात केला, मग शाळेच्या अख्ख्या पटांगणाने. ढग राहूनच गेले.

"किती उंच गेलीस?" आजोबांनी विचारलं.

"नारळाच्या जरा वर. गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायकांनी हात केला, मग सगळ्यांनीच."

"आम्ही तुझ्या वयात..."

"माहीत आहे, आजोबा. पण तुम्हाला कोणी हात केला की तुम्ही काय करायचात?"

आजोबांनी घसा खाकरला. "तेवढ्या उंचीवरून कोणी दिसत नसे."

टिटवी शेडकडे वळली.

"थांब," आजोबा म्हणाले. "उद्याही उडायला जा. आणि त्या बायकांना माझ्यातर्फेही एकदा पंख हलव."