गवताचा भांग ओळखणारी सगुणाई

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. नेमकी किती, ते सोनमाळावर कुणी सांगणार नाही. तिथे वर्षं मोजत नाहीत, मेंढरांच्या कातरण्या मोजतात, आणि मोजणाऱ्याला मध्येच डुलकी लागते.

त्या काळी माळावर धुळाबा धनगराचा तळ असायचा. चार बिऱ्हाडं, तीनशे मेंढरं. धुळाबा ढग बघून पाऊस सांगायचा. बघून बघून त्याची मान वरच राहिली होती, असं म्हणतात. जेवतानाही भाकरी चाचपून शोधायचा.

त्याच्या पालात सगुणा सून म्हणून आली. अबोल पोर. नव्या सुनेनं सासऱ्यासमोर पदर भुवयांपर्यंत ओढायचा आणि खालीच बघायचं, अशी रीत होती. त्यामुळे अख्खा तळ आभाळ बघायचा आणि सगुणाला दिसायचं ते गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. दुसरं बघायला काही नाही, म्हणून ती तेच बघायची.

सकाळी गवत उगवतीकडे झुकायचं, कारण वारा मावळतीकडून यायचा, तापलेला, कोरडा. दुपारी नदीच्या अंगानं दुसरा वारा यायचा, अगदी जमिनीलगत, ओलसर आणि गार. माळावर कुठंतरी दोघं भिडायचे. तिथे निम्मं गवत इकडे, निम्मं तिकडे, आणि मधून सरळ भांग, जसा केस विंचरताना पाडावा तसा. तिसऱ्या प्रहरी वळीव यायचा तो नेमका त्या भांगावर. बाकी माळ ठणठणीत. भांगाची जागा रोज वेगळी, कधी टेकाडामागं, कधी ओढ्यापाशी. वैशाखातले अकरा दिवस सगुणानं हे पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

बाराव्या दिवशी कातरणी होती. नुकतं कातरलेलं मेंढरू म्हणजे अंगावर कपडा नसलेलं लेकरू. त्याला त्याच दिवशी गारांच्या पावसानं गाठलं, तर काकडून मरतं. म्हणून दिवस धुळाबा ठरवायचा. आभाळ निळंशार होतं. दुपारपर्यंत दीडशे मेंढरं उघडी झाली.

सगुणा कातरणाऱ्यांना पाणी द्यायला निघाली आणि तिच्या एका पायाला गार लागलं, दुसऱ्याला गरम. तिनं पाहिलं, तर भांग थेट पालांच्या मधून गेलेला.

ती नवऱ्याकडे, मलूकडे गेली. "आवं, कातरलेली मेंढरं हलवा. आज पाऊस इथंच पडतोय."

"आणि आबाला काय सांगू? सुनेनं पाऊस बघितला म्हणून?" मलू म्हणाला. "चार तळांवर हसं हुईल."

मग ती सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. कातरी थांबल्या. नवी सून अशी कधी उभी राहत नसे.

"मामंजी, पाऊस येतोय."

"पोरी, कापसाच्या बोंडाएवढा ढग न्हाई. वर बघ की!"

"वर बघायची मला रीत न्हाई, मामंजी. खालीच बघते. खालचं वारं फिरलंय."

कातरणारे खो खो हसले. "धुळाबा, आता तूबी वाकून गवताला इचार!"

"कातर चालू द्या," धुळाबा म्हणाला.

सगुणा वळली. कातरून बाजूला काढलेल्या कळपाच्या म्होरक्या मेंढीचं कोकरू तिनं खांद्यावर घेतलं आणि मावळतीकडे चालू लागली. कोकरामागं ती मेंढी निघाली, मेंढीमागं सगळी कातरलेली. मलूनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "आता आबा मलाच कातरतोय," असं पुटपुटत तो काठी घेऊन कळपाच्या मागं धावला.

ती कोसभर गेली असतील नसतील, तोच तळावर काळा डोंगर उभा राहिला. सुपारीएवढ्या गारा पडल्या. कुणी लिंबाएवढ्या सांगतात. सांगणाऱ्याची मूठ केवढी, त्यावर ते असतं. पाऊस भिंतीसारखा सरकत आला आणि शेवटच्या मेंढीच्या शेपटापासून हातभरावर थांबला, असं म्हणतात. मलूची पाठ भिजली, छाती कोरडी राहिली. सगुणानं मागं वळूनही पाहिलं नाही, असं म्हणतात. मलू मात्र सांगायचा की तिनं तीनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा त्याच्याकडे.

दिवस कलताना कळप परतला. दीडशेच्या दीडशे. न कातरलेली मेंढरं लोकरीत वाफाळत उभी होती आणि धुळाबा हातात कातर धरून तसाच चिंब. त्यानं मेंढरांच्या उघड्या पाठींवरून हात फिरवला. सगळ्या कोरड्या होत्या. मग तो गवतात मटकन बसला.

"सगुणा," तो म्हणाला. तोवर तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. "दाखव मला. कुठनं बघायचं?"

पुढं सगुणाची सगुणाई झाली. दहा तळांचे धनगर सकाळी तिच्या पालापाशी येऊन बसायचे आणि तिच्या चहाची वाट न बघता विचारायचे, आज कुठं? खूप म्हातारी झाल्यावर एका दुपारी ती भांगातून चालत गेली, तिच्यामागं गवत मिटलं आणि त्या दिवशी अख्ख्या सोनमाळावर एकदम पाऊस झाला, असं म्हणतात.

अजूनही सोनमाळावर कातरणीच्या दिवशी सगळ्यांत नव्या सुनेला गवतात नेऊन बसवतात. ती हो म्हणेपर्यंत कातरी पिशवीतून निघत नाहीत. गेल्या वैशाखात एक सून, लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता, हळूच "आज नको" म्हणाली. दिवसभर कडक ऊन पडलं. थेंबसुद्धा आला नाही. तिचा जीव अर्धा झाला. सासऱ्यानं कातरणाऱ्यांना जेवू घातलं, रात्री तळावरच ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिलाच विचारायला गवतात जाऊन बसला.