ताट पोहोचलं

“...मग ‘जेवलात का?’ हे विचारणं आजपासून बंद करू ना, महाराज?”

प्रबोधने विचारलं खरं, पण उत्तर त्याने मनाशी धरूनच ठेवलं होतं. मठाच्या दवाखान्यातलं औषधांचं नवं यंत्र त्यानेच बसवलेलं. कुठल्या खाटेला कुठली गोळी, किती वाजता, सगळं ते बिनचूक काढून देई. आणि या सिस्टर! मठाची जुनी रीत म्हणून गोळी देण्याआधी प्रत्येक खाटेशी थांबून जेवणाची चौकशी करत बसायच्या. बघून प्रबोधच्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

अच्युतस्वामी हसले. “कोण जेवलं, ते यंत्राला कळतं?”

“स्वयंपाकघरातून ताट पोहोचलं की नोंद होते. त्याशिवाय मधुमेहाची गोळी बाहेरच पडत नाही!”

“अरे वा, हुशार आहे की! चल, बघू तरी.”

दुपारची वेळ. यंत्राने अंबूआक्कांची पुडी टाकली. प्रबोधने ती त्यांच्या मनगटावरच्या पट्टीशी जुळवली. हिरवा दिवा लागला. त्याने ऐटीत गोळी म्हातारीच्या हातावर ठेवली आणि महाराजांकडे पाहिलं. आता शाबासकी येणार!

महाराजांनी हलकेच आक्कांची मूठ मिटली.

“आक्का, जेवलात का?”

“न्हाई वो, म्हाराज.” आक्कांनी उशाशी झाकून ठेवलेलं ताट दाखवलं.

प्रबोध चपापला. रिकाम्या पोटी ही गोळी... रक्तातली साखर उतरून म्हातारी बेशुद्धच पडली असती.

“आज सोमवार! यांचा उपास असणार,” तो घाईघाईने म्हणाला. “सगळ्यांच्या उपासाचे वार भरून टाकतो यंत्रात. आजच्या आज.”

“भर की... काय आक्का, उपास का?”

“कसला उपास! मारुती येतो म्हनला हुता माझा. म्हटलं, लेकासंगं चार घास खावं...”

आक्का दाराकडे बघत राहिल्या.

प्रबोधला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आक्कांच्या मुठीतली गोळी परत घेतली.

“महाराज... यंत्र काढूनच टाकू का?”

“छे रे! त्याचं काय चुकलं?”

महाराजांनी ताटावरचं झाकण काढलं आणि खाटेजवळचं स्टूल प्रबोधकडे सरकवलं.

“बस. भात कालव.”