साखळीत सुभेदाराचं नाव

इराकातल्या एका शहरात वृद्ध लुबाबा पैगंबरांच्या काळातल्या माणसांच्या हकिकती शिकवायची. रिवाज असा, की हकिकत कुणी कुणाकडून ऐकली, ती नावांची साखळी आधी सांगायची, मगच हकिकत.

एकदा सुभेदारानं तिला दरबारात उभं केलं. बाजूला जल्लाद तलवार पुसत होता.

"माझे आजोबा पैगंबरांच्या पहिल्या लढाईत सर्वांच्या पुढे होते, असं उद्यापासून शिकवायचं!"

आजोबा तर रण सोडून पळालेले! हे बोलणाऱ्या तिच्या गुरूंचं मुंडकं याच फरशीवर पडलं होतं.

"शिकवते, सरकार. पण कुणाकडून ऐकलं म्हणू?"

"माझ्याकडून!"

"मग आपलं नाव आधी येईल. नाव आलं की विद्यार्थी त्या माणसाच्या गावात दारोदार विचारत फिरतात, हा माणूस खोटं बोलतो का, शब्द पाळतो का. लोक जे सांगतील, तेही हकिकतीसोबत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं."

सुभेदारानं दरबाऱ्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. एकानंही वर बघितलं नाही.

"आजोबांचं राहू दे," तो पुटपुटला, "आणि माझं नाव तर मुळीच घेऊ नकोस."