चिकाची तार

“आणि कोठडीत असतोस तेव्हा?” येसूमायने विचारलं.

“तेव्हा काही नाही, माय,” सुकदेव म्हणाला. “लेकीचं नावसुद्धा मनात येत नाही. पण बाहेर पाऊल टाकलं, की...”

पांझरा नदीकाठच्या टेकडीवर येसूमायचा मठ. मठ कसला, दोन खोल्या, एक चिंच आणि ध्यानाला बसायची कोठडी. ती एवढी अरुंद, की आत माणसाला कूस बदलायची तर भिंतीची परवानगी घ्यावी लागे. पाच वर्षांत सुकदेवने तिच्यात कितीदा तरी चाळीस-चाळीस दिवस काढले होते.

त्याआधी तो गावचा पाटकरी. पाटाचं पाणी कोणत्या शेताला किती सोडायचं ते त्याच्या हातात, आणि पाण्याला आपल्याइतकं कोणी ओळखत नाही ही घमेंड डोक्यात. बायको वारली, तेव्हा तेरा वर्षांच्या मंजुळेला मामाच्या पदरात टाकून तो इथे आला. मन पाण्यासारखं करायचं, एवढंच त्याचं म्हणणं. अरुंदातून गेलं तरी ओरखडा नको, रुंदात आलं तरी खूण नको.

येत्या सोमवारी त्याची दीक्षा होती. एकदा भगवं नेसलं की घरच्यांचं तोंड पाहायचं नाही, असा मठाचा नेम. आणि काल मामाचा निरोप आला, की दीक्षेनंतरच्याच शुक्रवारी मंजुळेचं लग्न आहे. बापाला यायचं तर यावं.

तेव्हापासून त्याच्या मनात तेच. पोरगी आईसारखी उंच झाली असेल का? हळद लागताना कोणाकडे बघेल? अहो, पाच वर्षं ज्याने तिचं नाव ओठांवर येऊ दिलं नाही, त्याचं काळीज आता तिच्यासाठी नुसतं तुटत होतं.

म्हणून तो सांगायला आला होता, की कोठडी आणखी अरुंद करू. गवंडी आणतो, भिंत वीतभर आत घेतो, सोमवारपर्यंत आतच बसतो. पण ही आठवण एकदाची पुसून टाक.

येसूमाय बाजेवर जुनं धोतर पसरून कुरडया घालत होती. तिने हातातला सोऱ्या त्याच्यापुढे धरला.

“दाब.”

दीक्षेला चार दिवस उरलेल्या साधकाला कुरडया घालायला लावावं, हे काही त्याला रुचलं नाही. पण मायपुढे कोण बोलणार? त्याने दाबलं. गव्हाचा गरम चीक चकतीच्या भोकांतून बाहेर आला.

“भोक केवढं, तार केवढी?”

सुकदेव वाकला. भोकातून सुटल्या सुटल्या तार फुगत होती, चांगली दीडपट.

पाणी असं करत नाही, तो म्हणाला. पाटाच्या मोरीतून सुटलेली धार उलट मोरीच्या तोंडापेक्षा बारीक होते, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं.

मायने चकती बदलली, बारीक भोकांची घातली आणि पुन्हा दाबायला सांगितलं. जोर लावावा लागला. तार बारीक आली खरी, पण आपल्या भोकाच्या मानाने ही तर पहिलीहून जास्त फुगली.

सुकदेवने कोठडीकडे पाहिलं.

भिंत आत घ्यायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. त्याने सोऱ्या खाली ठेवला.

“मला हे सोसत नाही, माय. मला पाणी कर.”

येसूमाय उठली. उरलेला चीक काढला, सोऱ्या धुतला आणि त्यात तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी सरसर खाली गेलं, मातीवर पडलं आणि मुरलं.

“याला आता काहीसुद्धा आठवत नाही,” ती म्हणाली. “उचल.”

सुकदेवने खरंच हात घातला. बोटांना चिखल लागला. त्याने तो तसाच मुठीत धरला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ‘मंजे’ अशी हाक मारून लहान लेकरासारखा रडला.

मायने त्याला रडू दिलं. मग आपल्या पदराने त्याचा हात पुसला, सोऱ्यात पुन्हा चीक भरला आणि तो त्याच्या हातात दिला.

“मग... सोमवार?” त्याने विचारलं.

येसूमाय धोतराची सुरकुती काढत होती.

“ऊन चांगलं आहे, दोन दिवसांत वाळतील,” ती म्हणाली. “लेकीच्या रुखवताला किती लागतात रे?”