गांधारचा घोडेव्यापारी

पूर्वी चंपा नगरीवर प्रसेनकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव सुमंगल.

त्याच नगरात कपिंजल नावाचा घरांचा दलाल राहत असे. माणूस दुष्ट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हते. उत्पला नावाच्या वृद्ध विधवेचे नदीकाठचे घर त्याने सुमंगलाला दाखवले. उत्पलेला दूरच्या गावी लेकीच्या बाळंतपणाला जायचे होते, म्हणून तिला घाई होती. सुमंगलाने किंमत सांगितली, ती तिला पटली. व्यवहार इतक्या सहज ठरावा हे कपिंजलाला काही रुचले नाही. किंमत चढली की त्याची दलालीही चढणार होती.

दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत आला आणि सांगू लागला की गांधारचा एक घोडेव्यापारी याच घराला जास्त किंमत देतो आहे. सुमंगलाने आपली किंमत थोडी वाढवली. कपिंजलाला हुरूप आला. पुढच्या खेपेस त्या व्यापाऱ्यानेही वाढवली होती. आता सुमंगल किंमत वाढवीना, तेव्हा कपिंजलाने आणखी रंग भरला. बिचाऱ्याची आई अंथरुणाला खिळलेली, पदरी पाच लेकी, सगळे कुटुंब घोड्यांच्या पागेत झोपते, असे तो म्हणाला.

सुमंगलाची पत्नी कुवलया जवळच चंदनाच्या ढलप्या निवडत होती. ती म्हणाली की घोड्यांच्या बाजारात ती सकाळीच विचारून आली, गांधारचा कोणीही तिथे उतरलेला नाही. कपिंजल म्हणाला, तो उंची घोडे विकतो, बाजारात बसत नाही.

सुमंगल मात्र पागेतल्या म्हातारीचाच विचार करीत होता. तो शांतपणे म्हणाला, "आम्हाला राहायला घर आहे, मग त्यांच्या डोक्यावरचे छप्पर आम्ही कशाला काढून घ्यावे? घर त्यालाच दे. मी आत्ताच त्याच्या आईसाठी तेल घेऊन येतो. मला त्यांच्याकडे ने."

कपिंजलाच्या पायांखालची जमीन सरकली. खरा खरेदीदार हातचा गेला होता, आणि उरलेला त्याला कुठूनही आणता येणार नव्हता. तो चाचरत म्हणाला, "तो आजच गांधारला परत गेला."

"खिळलेल्या आईला घेऊन?" कुवलयेने विचारले.

"पालखीतून."

"आणि पाच लेकी?"

"त्यांची लग्ने झाली."

"पाचही जणींची? आत्ता बोलता बोलता?"

कपिंजलाला घाम फुटला. सुमंगलाने त्याला पाणी दिले आणि म्हणाला, "कपिंजला, नसलेल्या माणसाचा एवढा संसार तू एकटा किती दिवस ओढणार? ठेव आता खाली."

कपिंजलाने मान खाली घालून सगळे कबूल केले, आणि त्याला खरोखरच हलके वाटले. सुमंगलाने घर घेतले, पण उत्पलेला किंमत दिली ती वाढवलेली. कुवलया म्हणाली की ती तर खोट्यावरून वाढली होती. तो म्हणाला, "त्याचे बोलणे खोटे होते. मी बोललो ते खरेच बोललो होतो." त्यावर कुवलयेने दलाली तेवढी पहिल्या किमतीवर ठरवली. बोधिसत्त्वाने तेवढीच मोजून दिली. कपिंजलाने स्वतः बैलगाडी आणून उत्पलेला लेकीकडे पोहोचवले. नातू तिच्या हातांतच जन्मला.

भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो कपिंजल म्हणजे आपल्यातला हा भिक्षू, ज्याने 'हिच्यावर दहा जण टपून बसले आहेत' असे सांगून विहारातली ओलसर कोठडी एका नवख्या भिक्षूच्या गळ्यात मारली. कुवलया म्हणजे राहुलमाता, उत्पला म्हणजे गौतमी, आणि सुमंगल मीच होतो. दिलेल्या शब्दाला जागणे, ही माझी त्या जन्मीची सत्यपारमिता."

एका भिक्षूने हात जोडून विचारले, "भगवन्, आणि तो घोडेव्यापारी?"

शास्ते म्हणाले, "तो तेव्हाही नव्हता, आजही नाही."