सोडलंच नाही तर?

“आणि हात आपटल्यावरही समोरच्यानं सोडलंच नाही तर?”

निवास मगदूमनं हा प्रश्न आठ दिवसांत चौथ्यांदा विचारला. जयसिंगपूरहून थेट जपानातल्या एका डोंगरी गावात ज्युदो शिकायला आलेला हा गडी... शिकण्यापेक्षा चौकशाच जास्त करत होता.

मोरिता गुरुजी सत्तरीचे. गुडघे मुडपून समोर बसलेले. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, पण वाद घालण्यापुरतं पुरेसं. आपण ते मराठीतच ऐकू.

“सोडतो,” गुरुजी म्हणाले.

“कशावरून?”

गुरुजी गप्प...

ही गप्प बसायची तऱ्हाच निवासला खटकायची. ज्याला उत्तर येत नाही तो असाच गप्प बसतो, अशी त्याची खात्री होती. त्याला इथलं सगळंच खटकायचं म्हणा! पहिल्याच दिवशी जपानी लिपीतल्या कागदावर सही घेतली, ती कशाची? रक्तगट कशाला विचारला? चहा आधी आपल्यालाच का देतात? कप हातात धरून तो नुसता बसून राहायचा, आणि गुरुजींनी घोट घेतला की मगच ओठाला लावायचा.

त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. मागच्या साली दुसऱ्याच एका देशात, समुद्रकाठच्या शिबिरात, सरावाला दिलेल्या जोडीदारानं त्याचं कोपर पिरगाळलं होतं. निवासनं चटईवर हात आपटला. हात आपटला की सोडायचं, हा जगभरचा नियम. तो गडी हसला आणि त्यानं आणखी पिरगाळलं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये.

तेव्हापासून निवास कुणाच्या पकडीत सापडतच नसे. नवशिका असून पडायचा छान, पाडायचाही बरा. पण गळ्याच्या पकडीचा सराव आला, की हनुवटी छातीला चिकटवून जो बसायचा, तो काही केल्या मान द्यायचा नाही.

आज सकाळीच त्यानं बॅग भरून दाराशी ठेवली होती. दहाची बस. ती पकडली की हा खेळ कायमचा सुटला, हे त्याला कळत होतं. आणि खेळावर तर त्याचा जीव होता! म्हणून तर अजून बसला होता.

गुरुजींनी चष्मा काढून बाजूला ठेवला. निवासकडे पाठ केली. हनुवटी वर उचलली.

“धर.”

निवास हलला नाही. म्हातारा बेरकी आहे, त्याच्या मनात आलं. जवळ गेलो की खांद्यावरून भिरकावणार.

“धर म्हणतो ना.”

त्यानं मागून गळ्याभोवती हात घातला. आता डाव येणार, या धास्तीनं चांगला करकचून आवळला.

डाव काही आला नाही. गुरुजींचे दोन्ही हात मांडीवर.

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या... मग जांभळट...

आपट की हात! अहो, आपटा!

हात मांडीवरच. बोटं तेवढी सैल पडत चालली...

“आई गं!” निवास ओरडला आणि हात सोडून मागं सरकला.

गुरुजी खोकले. बराच वेळ खोकत राहिले.

निवासला भीतीही वाटत होती आणि रागही आला होता. “डोकं फिरलंय का तुमचं? मेला असता की! हात का नाही आपटला?”

गुरुजींनी अंगरख्याची कॉलर सारखी केली. चष्मा चढवला. मग गुडघ्यांवरच सरकत सरकत ते निवासच्या पाठीमागं येऊन बसले.

निवासनं बॅगेकडे पाहिलं. मग मान वळवून म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

त्यानं हळूहळू हनुवटी उचलली... मागून एक वाळकट हात गळ्यापाशी आला.

“गुरुजी... मी हात आपटला की सोडाल ना?”

“मी कुठं आपटला होता?”